‘संत तुकाराम’मधले पसरट चेहरे आणि संथ ‘कोर्ट’

‘संत तुकाराम’मध्ये सगळे पसरट दिसतात, ही तक्रार रास्त आहे, पण दोष दिग्दर्शक दामले-फत्तेलालांचा नाही, टीव्हीचा. १९३६चा हा चित्रपट जवळपास ४:३ चौकटीतला. १६:९ पडद्यावर ताणला की माणसं एक-तृतीयांशाने रुंद होतात. टीव्हीच्या पिक्चर साइज सेटिंगमध्ये ४:३ निवडा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘झूम’ नको, डोकी कापली जातात. आणि तुकाराम झालेल्या पागनीसांइतकंच अभिनेत्री गौरीच्या जिजाईकडे, म्हणजे तुकारामांच्या बायकोकडे, बघा. माझ्या मते चित्रपट तीच खाते!

‘कोर्ट’ (२०१४) संथ वाटतो म्हणाल, तर तो आहेच. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा सहसा हलवत नाहीत, प्रसंग संपल्यावरही शॉट लगेच तोडत नाहीत. कडेची माणसं न्याहाळायची असतात. मोबाइलवर ती दिसणारच नाहीत.

मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम्स स्वतःच भरणारी टीव्हीची सेटिंग) मात्र दोन्हींसाठी बंद ठेवा, नाहीतर २४ फ्रेम्सचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.