लोनवर मागवण्यापेक्षा पुस्तक सरळ विकतच घेतलं तर?

पुस्तककिडा: कॉलेज-विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांत ग्रंथखरेदी एका टेबलावर, इंटरलायब्ररी लोन (दुसऱ्या लायब्ररीकडून पुस्तक उसनं मागवणं) दुसऱ्या टेबलावर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने जानेवारी 2000 पासून ही टेबलं जोडली, म्हणजे लोनची मागणी आली आणि पुस्तक इंग्रजी, अभ्यासाचं, गेल्या 5 वर्षांतलं, 100 डॉलरच्या आतलं, आठवड्यात मिळणारं असलं की उसनं आणायचंच नाही, विकत घ्यायचं, वाचकाला द्यायचं, परत आलं की कपाटात. पिट्सबर्ग विद्यापीठाचा 1979 चा अभ्यास आठवा, 1969 साली घेतलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के पुस्तकं पहिल्या 6 वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती. इथे निदान एक गिऱ्हाईक तरी नक्की आहे ना!

कपाटातली वाळवी: त्या 40 टक्क्यांवर पिट्सबर्गच्याच प्राध्यापकांनी तेव्हा आक्षेप घेतले होते, ते कोणी सांगत नाही. आणि आज एका पीएचडीवाल्याला जे हवं ते घेत सुटलात तर 20 वर्षांनी येणाऱ्याने काय वाचायचं, त्याचा प्रबंध?

पुस्तककिडा: अहो पण लोन काय फुकट असतं का? 1992 च्या अमेरिकन पाहणीत एका मागणीचा खर्च देणारा-घेणारा मिळून सुमारे 30 डॉलर निघाला होता. तेवढ्यात कितीतरी पुस्तकं विकत येतात.

मार्चअखेर: डॉलर ठेवा बाजूला. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे विभागप्रमुखांची यादी, ग्रंथालय समिती, कोटेशनं, मग ऑर्डर, मग दाखल रजिस्टर, आणि खरी खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये कारण ग्रँट संपवायची असते. जुलैत मागितलेलं पुस्तक मार्चमध्ये आलं तोवर पोरगी सबमिशन करून मोकळी. त्यापेक्षा डेलनेटवरून, म्हणजे एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जाळ्यातून, मागवलेलं आधी येतं. टेबलं खुशाल जोडा, पण समितीला न विचारता खर्चता येतील असे थोडे पैसे ग्रंथपालाच्या हातात द्या, नाहीतर दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतील बस.

कपाटातली वाळवी: हे पटलं. पण जुनी मराठी पुस्तकं? बाजारातच नाहीत ती, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणीच सापडणार. आणि विकत म्हणून सगळ्यांनी ई-बुकं घेतली तर बऱ्याच लायसन्समध्ये अख्खं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीला देताच येत नाही, मग मागायचं कोणाकडे?

पुस्तककिडा: म्हणून तर पर्ड्यूची 5 वर्षांची अट, जुनं लोनवरच. ई-बुकाचं मात्र खरंय, छापील मिळत असेल तर छापीलच घ्यावं.

मार्चअखेर: घ्यावं हो, सही कोण करणार तेवढं सांगा.