वितेला असादा (भाजलेलं वासराचं मांस) : मांस कोरडं, रस कडवट, बटाटे टणक

प्रश्न
पोर्तुगालमधल्या लाफोंइशच्या पद्धतीने वासराचं मांस भाजलं. मांडीचा बिनहाडाचा दीड किलोचा तुकडा, लसूण, तमालपत्र, कोलोराउ (तिकडची गोड पापरिका) आणि पांढरी वाइन. दोन तास मुरवून २०० अंशांवर उघडंच दीड तास ठेवलं, बटाटे सुरुवातीपासून त्याच ट्रेमध्ये. मांस कोरडं, रस कडवट आणि बटाटे आतून टणक. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
पहिली चूक तुकड्याची. मांडीत चरबी कमी आणि तुमच्या तुकड्यात हाडही नाही. बरगडीचा किंवा खांद्याचा हाडासकट तुकडा घ्या. त्यातलं कोलॅजन विरघळलं की रस आपोआप दाट होतो. त्याला वेळ लागतो, आच नाही.

दोन किलोला २० ते २२ ग्रॅम मीठ, ६-७ लसूण पाकळ्या ठेचून, २ तमालपत्रं, एक मोठा चमचा कोलोराउ, २०० मिली वाइन आणि दोन मोठे चमचे डुकराची चरबी. चरबी टाळू नका, तिचं काम ऑलिव्ह तेलाने पूर्ण होत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा आणि भाजण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. तळाला कांद्याच्या जाड चकत्या, वर मांस, मग घट्ट झाकण. १६० अंशांवर दोन ते अडीच तास. सुरी लोण्यासारखी आत गेली की झाकण काढून २०० वर २०-२५ मिनिटं, दर पाच-सात मिनिटांनी रस वरून ओतत.

कडवटपणा कोलोराउचा. त्यात साखर असते, कोरड्या आचेवर ती लगेच करपते. ट्रेचा तळ कोरडा दिसला की अर्धी वाटी गरम पाणी घाला.

प्रतिसाद २
बटाट्यांचा दोष वाइनचा. आंबट रसात बटाटा मऊ पडायला फार वेळ घेतो, कितीही भाजा. मिठाच्या पाण्यात ६-७ मिनिटं उकळा, निथळून चाळणीत हलवा म्हणजे कडा खरखरीत होतील, आणि शेवटच्या ४५-५० मिनिटांतच ट्रेमध्ये टाका. टाकताना चरबीत घोळवायला विसरू नका.

तमालपत्राबद्दल: इथे लॉरेलचं पान हवं, मधोमध एकच शीर असलेलं. तीन उभ्या शिरांचं पान वेगळं, त्याला दालचिनीचा वास येतो आणि सगळी चव बदलते.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. मातीचं भांडं हवंच का?

प्रतिसाद १
हवंच असं नाही, जाड बिडाचं झाकणाचं भांडं चालतं. व्होझेला, साओं पेद्रु दु सूल, ओलिव्हेइरा द फ्रादिश या लाफोंइशच्या भागात लाकडाच्या भट्टीत मातीच्या भांड्यात भाजतात. माती आच हळू घेते आणि हळू सोडते, एवढाच फायदा. मातीचं वापरलंत तर थंड ओव्हनमध्ये ठेवून मग आच चालू करा, आणि मधे घालायचं पाणी गरमच. गार पाण्याने तडा जातो.

प्रतिसाद ३
सोबत ओव्हनमधला भात करणार असाल तर बटाटे उकळण्याच्या वेळीच ट्रेमधला एक पळी रस काढून ठेवा. एक वाटी तांदळाला तो रस धरून दोन वाट्या गरम सूप, २०० अंशांवर उघडं २५ मिनिटं. रसात मीठ आहे, वरून घालण्याआधी चाखा. आणि मांस कापण्याआधी १५ मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर सगळा रस पाटावर.