नॉकआउट उंदराला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठी: कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका इंग्रजी व्याख्यानाचं मराठी करतोय. विषय: उंदराचं एखादं जनुक बंद पाडून मेंदूचं काम समजून घेणं. 'नॉकआउट माउस'ला मी 'बाद उंदीर' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'जनुकीय सुधारित उंदीर' केलं. आता पुढचं वाक्य बघा. १९९२ साली टोनेगावांच्या प्रयोगशाळेत सिल्वांनी अल्फा-कॅमके-२ या मेंदूतल्या विकराचं जनुक नसलेले उंदीर तयार केले. गढूळ पाण्याच्या हौदात दडवलेला पाट कुठं आहे, हे शिकणं त्यांना जड गेलं. यात सुधारलं काय? बिघडवलंय की!

तालमीचा पोरगा: भावा, कोल्हापुरात 'बाद' नको. लोकांना वाटंल शाहू स्टेडियमवर पहिल्याच फेरीत हरून घरी गेला. 'गारद' कर.

निवृत्त मास्तर: गारद म्हणजे उंदीरच मेला. इथे उंदीर धडधाकट आहे, गेलंय ते जनुक. विशेषण भलत्याच नामाला चिकटलंय, खरा घोळ तो आहे. 'लुप्तजनुक मूषक' लिहा. सरळ बहुव्रीही आहे, फोड करून सांगायची गरज नाही.

तांबडा पांढरा: सर, 'लुप्तजनुक मूषक' वाचून पोरं मोदक घेऊन येतील.

निवृत्त मास्तर: हसा. 'जनुक' हा शब्द आला तेव्हाही असेच हसले असतील. आज शेंबडं पोर वापरतं.

सूक्ष्मदर्शी: प्रयोगशाळेत दिवसभर 'नॉकआउट'च म्हणतो, तेच ठेवा. मागोमाग नॉक-इन (जनुक घालणं) येतं, नॉकडाउन (जनुकाचं काम कमी करणं) येतं. प्रत्येकाला समास कुठून आणणार? शिवाय सर, 'लुप्त' म्हणजे आपसूक नाहीसं झालेलं. हे मुद्दाम काढलेलं असतं, आणि कधीकधी अख्ख्या उंदरातून नाहीच. एनएमडीए ग्राहीचं (चेतापेशीवरचा संदेश घेणारा रेणू) एनआर१ जनुक सगळीकडून काढलं तर पिल्लं जन्मल्यावर थोड्याच वेळात मरतात, मग स्मरणशक्ती तपासणार कुणाची? म्हणून १९९६ साली त्सिएन आणि टोनेगावांच्या गटानं ते हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मरणाचा भाग) सीए१ पट्ट्यापुरतंच काढलं. उंदीर जगले, वाढले, फक्त हौदातला पाट शोधण्यात मागं पडले. बाकी अंगात जनुक शाबूत. हा लुप्तजनुक की अलुप्तजनुक?

निवृत्त मास्तर: अंशलुप्तजनुक.

तांबडा पांढरा: झालं कल्याण.

सूक्ष्मदर्शी: आणि त्या बाईंना अगदीच मोडीत काढू नका. १९९९ साली त्सिएन यांच्याच गटानं त्याच ग्राहीच्या एनआर२बी घटकाचं जनुक उंदरांच्या पुढच्या मेंदूत जादा चालवलं. ते उंदीर शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात साध्या उंदरांपेक्षा सरस निघाले. त्यांना 'सुधारित' म्हणा की खुशाल. फक्त ते नॉकआउट नव्हेत, त्यांच्यात भर घातली होती.

गडहिंग्लजकर: 'सुधारित' हा बियाणंवाल्यांचा शब्द. पिशवीवर छापायला बरा दिसतो. 'जनुकबदल केलेला' म्हणा, चांगलं का वाईट ते वाचणारा ठरवंल. मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही माउसलाही उंदीर म्हणताय, मग रॅटला काय?

तालमीचा पोरगा: घूस.

सूक्ष्मदर्शी: नाही हो! घूस म्हणजे बँडिकूट, वंशच वेगळा. प्रयोगशाळेतला पांढरा रॅट आकारानं मोठा असला तरी घूस नव्हे. आणि हा फरक कामाचा आहे. पाण्याच्या हौदाची चाचणी मॉरिस यांनी आधी रॅटवर बसवली, उंदरांवर ती नंतर आली.

गडहिंग्लजकर: बँडिकूट हा शब्द तरी कुठला? तेलुगूतला 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. आमची आज्जी कानडीत 'हेग्गण' म्हणायची. उसाच्या बांधाला भोक पडलं की पाणी दुसऱ्याच्या रानात, आणि शिव्या हेग्गणाला.

रंकाळाकाठी: मंडळी, मजकूर उद्या छपाईला जाणार आहे. 'नॉकआउट' ठेवू का? आणि हौदातला 'पाट' चालेल की 'चौथरा'?

निवृत्त मास्तर: गडहिंग्लजकर, उसात घूस कमी, उंदीरच जास्त. आणि चिचुंद्रीला तुमच्याकडं काय म्हणतात? तिला लोक उगाच उंदरात मोजतात, ती कृंतक (कुरतडणारा प्राणी) नाहीच.

गडहिंग्लजकर: सर, उसात घूस कमी? एकदा शेतावर याच. आमच्या बांधाची बिळं दाखवतो, मग बोला.