दुकानात आलेला प्राणी त्याच दिवशी विकावा का?

उंबरठा:
माझं मत, विकू नये. नवीन आलेला प्राणी थेट विक्रीच्या पिंजऱ्यात जाताच कामा नये. आधी काही दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा झाडू आणि जमलं तर देखभालीला माणूसही वेगळा. 2003 मध्ये अमेरिकेत मंकीपॉक्स पसरला तो हे न पाळल्यामुळे. घानाहून आणलेले उंदरांच्या जातीचे प्राणी एका विक्रेत्याकडे प्रेअरी डॉगच्या शेजारी ठेवले होते. (प्रेअरी डॉग म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी.) प्रेअरी डॉगना लागण झाली, ते घरोघरी गेले आणि सहा राज्यांत निश्चित व संभाव्य मिळून 47 रुग्ण सापडले. पिंजरे लांब असते तर ती साखळी तिथेच तुटली असती.

टाकीवाला:
मी याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं बोलणं त्या बाजूचं वाटेल, पण ऐका. विलगीकरणाने सगळं कळतं हा भ्रम आहे. कासवाचंच घ्या. ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जंतू) जातो, तोही सतत नाही, अधूनमधून. आज तपासणीत काही आलं नाही म्हणून उद्या येणार नाही असं नाही. महिनाभर वेगळं ठेवलंत तरी ते तसंच राहील. वर प्राण्याला सारखं इथून तिथे हलवलं की तो धास्तावतो आणि जंतू जास्त सोडतो. खरा धोका घरी आहे. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये टाकी धुणं, लहान मुलांनी कासवाचे मुके घेणं. हे गिऱ्हाईकाला विकतानाच सांगितलं पाहिजे, आणि मी सांगतो.

उंबरठा:
साल्मोनेलाबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे साबणाने हात धुणं आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव न देणं हाच उपाय. पण विलगीकरण फक्त आजार ओळखण्यासाठी नसतं. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणूनही ते असतं. तुम्ही उत्तर दिलंत ते पहिल्या कारणाला.

रानवारा:
तुम्ही दोघंही प्रतिजैविकांबद्दल बोलत नाही. 2016 ते 2018 मध्ये अमेरिकेत दुकानांतल्या कुत्र्याच्या पिल्लांमुळे कॅम्पिलोबॅक्टरची साथ आली. जुलाब, ताप, काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तो जंतू बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. चौकशीत 149 पिल्लांची माहिती काढली, तेव्हा 142 पिल्लांना प्रतिजैविकं दिलेली निघाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त पिल्लांना कसलाही आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून. पिल्लू काउंटरवर टवटवीत दिसावं म्हणून औषध पाजायचं आणि औषधाला न जुमानणारा जंतू गिऱ्हाईकाच्या घरी धाडायचा! मला विचाराल तर दुकानातून पिल्लं विकणं बंदच व्हावं.

टाकीवाला:
उगाच औषध पाजणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण बंदीने काय होतं तेही बघा. 1975 पासून अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. तरी ती विकली जातात आणि त्यांच्यामुळे साल्मोनेलाच्या साथी येतच राहतात. चोरून विकणाऱ्याकडे ना नोंदवही, ना पशुवैद्य. माणूस आजारी पडला तर प्राणी कुठून आला, त्याच्यासोबतचे कुठे गेले, हे शोधायचं कसं?

पहाटपाखरू:
गिऱ्हाईकाबद्दल सगळे बोलतायत, पिंजरे साफ करणाऱ्याबद्दल कोणीच नाही. मी दोन वर्षं पक्ष्यांच्या दुकानात काम केलं. सकाळी आलं की वाळलेली शी खरवडायची आणि कोरडीच झाडायची. धूळ उडायची, पिसं नाकात जायची. मास्क कधी मिळाला नाही, आम्हीही मागितला नाही. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून होणारा सिटाकोसिस नेमका अशाच धुळीतून श्वासावाटे येतो, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. डॉक्टरला साधा फ्लू वाटू शकतो, म्हणून मी पक्ष्यांत काम करतो हे आपणहून सांगायला हवं. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. आणि शी आधी पाण्याने भिजवून मग काढायची, एवढं तरी मालकाने पहिल्या दिवशी शिकवायला नको का? त्याला खर्च काय येतो?

टाकीवाला:
हे मान्य. आमच्याकडेही पाणी मारल्याशिवाय झाडत नव्हतो असं छातीठोक सांगता येणार नाही. उद्यापासून आधी पाणी, मग झाडू. पण वेगळ्या खोलीचं गणित मला अजून जमत नाही. सिटाकोसिस झालेल्या पक्ष्यांचा औषधोपचारच 45 दिवस चालतो. तेवढे दिवस जागा अडवली तर छोट्या दुकानदाराने करायचं काय?

उंबरठा:
कमी प्राणी आणायचे. आज दहा, परवा पाच असं नको. एकदा चार आणा, ते गेले की पिंजरे धुऊन, वाळवून मगच पुढचे. म्हणजे जुने-नवे एकत्र येत नाहीत आणि जागाही पुरते. विक्री कमी होईल, हे मी नाकारत नाही.

टाकीवाला:
पक्षी आणि पिल्लांसाठी करून बघतो. ससे, हॅमस्टर यांचं मात्र अजून पटत नाही, त्यावर सविस्तर लिहितो.