मदत हवी आहे: प्रॉक्सी गेटवेमागच्या कार्यालयात थंडरबर्ड आणि आउटलुकचे मेल कसे सुरू करावेत?

नमस्कार.

सातारा एमआयडीसीमध्ये आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे आणि कार्यालय व शॉप फ्लोअर मिळून वीसएक संगणक आहेत. या संगणकांना इंटरनेटची थेट जोडणी नाही. दोन नेटवर्क कार्डे असलेला एक उबुंटू सर्व्हर गेटवे म्हणून मध्ये आहे, त्यावर स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर (संगणकांच्या वतीने बाहेरची संकेतस्थळे आणून देणारे) चालते, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता व ३१२८ हा पोर्ट भरला की संकेतस्थळे उघडतात. ही रचना मुद्दाम केलेली आहे. शॉप फ्लोअरवरचे काही संगणक सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) यंत्रांना जोडलेले असून त्यांवर जुने विंडोज आहे; ते बदलले तर यंत्रांचे सॉफ्टवेअर चालत नाही, आणि न बदलता ते बाहेरच्या जगाला जोडणे धोक्याचे आहे. त्यामुळे सर्वांना सरळ इंटरनेट देऊन टाकावे हा उपाय आम्हाला चालणार नाही, एवढे आधीच नमूद करतो.

अडचण मेलची आहे. पूर्वी गेटवेवर विंडोजचे एक जुने प्रॉक्सी सॉफ्टवेअर होते आणि त्यात पॉप-३ची (मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीची) सोय होती. मेल प्रोग्राममध्ये येणाऱ्या मेलचा सर्व्हर म्हणून गेटवेचाच पत्ता भरायचा आणि खात्याच्या नावापुढे # हे चिन्ह टाकून खऱ्या मेल सर्व्हरचे नाव लिहायचे, एवढे केले की मेल येत असत. हे सगळे ११० व २५ या पोर्टांवर, एन्क्रिप्शनशिवाय चाले. आमच्या मेल सेवादात्याने ते पोर्ट बंद केले आणि आता ९९३ वर इमॅप (मेल वाचण्यासाठी) व ४६५ वर एसएमटीपी (मेल पाठवण्यासाठी) एवढेच चालू ठेवले आहे. त्याच सुमारास आम्ही स्क्विडवर आलो. तेव्हापासून सगळे कर्मचारी वेबमेल वापरत आहेत. खरेदी विभागाची यात फार ओढाताण होते, कारण एखाद्या ग्राहकाने जुन्या ड्रॉइंगची कितवी आवृत्ती मंजूर केली होती हे शोधायचे तर ते थंडरबर्डमधल्या फोल्डरांत क्षणात सापडे आणि वेबमेलमध्ये अर्धी सकाळ जाते.

थंडरबर्डमध्ये जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचटीटीपी प्रॉक्सी व एचटीटीपीएस प्रॉक्सी या दोन्ही रकान्यांत गेटवेचा पत्ता भरला आहे. नवीन खाते जोडताना प्रोग्राम आमच्या डोमेनची सेटिंग बाहेरून बरोबर शोधून आणतो, सर्व्हरचे नाव आणि पोर्ट अचूक दाखवतो, आणि शेवटचे बटण दाबल्यावर मात्र सर्व्हरशी संपर्क होत नाही असे सांगतो. प्रोग्राम बाहेर पोहोचतो हे उघड दिसते, मग मेलच्याच वेळी काय अडते हे कळत नाही. लेखा विभागात डेस्कटॉप आउटलुक आहे आणि त्यात तर खात्यासाठी प्रॉक्सी भरण्याचा रकानाच सापडत नाही.

स्क्विडच्या कॉन्फिगरेशनमध्ये ९९३ व ४६५ हे पोर्ट ‘एसएसएल पोर्ट्स’ आणि ‘सेफ पोर्ट्स’ या परवानगीच्या दोन्ही याद्यांत घालून सेवा पुन्हा सुरू केली, तरी फरक पडला नाही. यात नेमके काय राहते आहे, आणि आउटलुक व थंडरबर्ड दोन्हींना चालेल असा एकच मार्ग आहे का, याचे जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

एक गोष्ट आधी तपासून पाहावी. थंडरबर्डमध्ये मेल मिळवा हे बटण दाबा आणि त्याच वेळी स्क्विडच्या अ‍ॅक्सेस लॉगवर (आलेल्या विनंत्यांच्या नोंदींवर) नजर ठेवा. तिथे ९९३ पोर्टाची ‘कनेक्ट’ विनंती आणि तिच्यापुढे ‘टीसीपी डिनाइड’ व ४०३ असे दिसले, तर प्रॉक्सीपर्यंत विनंती आली आणि प्रॉक्सीने नाकारली असा अर्थ होतो. एकही ओळ उमटली नाही, तर विनंती प्रॉक्सीकडे गेलेलीच नाही. या दोन अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून लॉग पाहिल्याशिवाय स्क्विडमध्ये आणखी काही बदलू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

लॉग पाहिला. खाते जोडताना सेटिंग शोधण्याच्या विनंत्या ४४३ वर जाताना स्वच्छ दिसतात, पण मेल आणण्याच्या वेळी एकही ओळ येत नाही. संगणकावरून आमच्या मेल सर्व्हरचे नाव एनएस-लुकअपने (नावावरून पत्ता शोधणाऱ्या आज्ञेने) शोधले तर तेही सापडत नाही. ब्राउझरला मात्र तेच नाव सापडते.

प्रतिसाद १

मग निदान झाले. थंडरबर्ड एचटीटीपी प्रॉक्सीचे रकाने अपडेट, खात्याची सेटिंग शोधणे, कॅलेंडर अशा वेबच्या कामांसाठीच वापरतो. इमॅप, पॉप आणि एसएमटीपी यांची जोडणी तो सॉक्स प्रॉक्सीतून (केवळ वेबपुरत्या नसलेल्या, इतर जोडण्याही नेणाऱ्या प्रॉक्सीतून) नेऊ शकतो, एचटीटीपी प्रॉक्सीतून नेत नाही. त्यामुळे स्क्विडमध्ये ९९३ पोर्ट कितीही मोकळा केला तरी तिथे मेलची विनंती येणारच नाही. ब्राउझर नाव शोधण्याचे कामही प्रॉक्सीवर सोपवतो, म्हणून तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये बाहेरचे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) नसूनही त्याचे अडत नाही. मेल प्रोग्राम नाव स्वतः शोधायला जातो आणि पहिल्याच पायरीवर थांबतो.

आउटलुकचीही गत हीच आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजचे खाते असते तर प्रश्न आला नसता, कारण त्यांचे मेल एचटीटीपीएसवरून ४४३ पोर्टाने जातात आणि विंडोजची प्रॉक्सी सेटिंग मानतात. इमॅप खात्यासाठी डेस्कटॉप आउटलुक ती सेटिंग पाहत नाही, म्हणून तुम्हाला रकाना सापडला नाही.

सॉक्सचा मार्ग घ्यायचा असेल तर उबुंटूवर डांटे हा सॉक्स सर्व्हर १०८० पोर्टावर बसवता येईल. थंडरबर्डमध्ये सॉक्स होस्ट भरावा, पाचवी आवृत्ती निवडावी आणि नावे प्रॉक्सीकडूनच शोधून घेण्याच्या पर्यायावर खूण करावी. ती खूण राहिली तर आजचीच अडचण पुन्हा येईल. आउटलुकसाठी मात्र प्रॉक्सिफायरसारखे, जोडणी प्रॉक्सीकडे वळवणारे वेगळे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर घालावे लागेल.

प्रतिसाद २

वरील निदान बरोबर आहे, पण तुम्हाला दोन्ही प्रोग्रामना चालणारा एकच मार्ग हवा आहे आणि सॉक्सने तो मिळत नाही. माझ्या मते तुमच्या जुन्या व्यवस्थेतली मूळ कल्पना, म्हणजे मेल प्रोग्रामने गेटवेलाच मेल सर्व्हर समजावे ही कल्पना, अजूनही उत्तम आहे. फक्त ती एन्क्रिप्शनच्या काळाला जुळेल अशा रीतीने करावी लागते. विनगेट, सीसीप्रॉक्सी यांसारखी सॉफ्टवेअरे खात्याच्या नावातले # वाचून खरा सर्व्हर ओळखत असत. आता खात्याचे नाव एन्क्रिप्शनच्या आत जाते, गेटवेला ते वाचता येत नाही, आणि मेल प्रोग्राममध्ये गेटवेचा पत्ता भरला तर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवरचे नाव जुळत नाही म्हणून प्रोग्राम इशारा देतो.

यावर तोडगा असा. गेटवेवर एच-ए-प्रॉक्सी (आलेली जोडणी पुढे पाठवणारा प्रोग्राम) बसवून तो टीसीपी पद्धतीने चालवावा. त्याने आतल्या बाजूच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर ९९३ आणि ४६५ हे पोर्ट ऐकावेत आणि जे येईल ते न उघडता, न वाचता, सेवादात्याच्या मेल सर्व्हरच्या त्याच पोर्टाकडे पुढे पाठवावे. सोबत आतल्या नेटवर्कसाठी डीएनएस-मास्क हे छोटे डीएनएस सॉफ्टवेअर चालवावे आणि मेल सर्व्हरचे नाव विचारले असता त्याने १९२.१६८.१.१ असे उत्तर द्यावे, एवढी एकच नोंद त्यात ठेवावी. त्यामुळे मेल प्रोग्राममध्ये सेवादात्याने दिलेलेच मूळ नाव भरता येते, एन्क्रिप्शन थेट संगणकापासून सेवादात्यापर्यंत अखंड राहते, सर्टिफिकेटचे नाव जुळते, आणि प्रोग्राम थंडरबर्ड आहे की आउटलुक याने काही फरक पडत नाही. पॅकेट फॉरवर्डिंग चालू करावे लागत नाही, संगणकांना बाहेरचा रस्ता मिळत नाही, आणि गेटवेतून जाऊ शकते ते एकाच मेल सर्व्हरपर्यंत. शॉप फ्लोअरवरच्या संगणकांचे पत्ते फायरवॉलमध्ये या दोन पोर्टांसाठी बंद ठेवावेत, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या धोक्याची काळजीही उरणार नाही.

दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. गेटवेने स्वतःसाठी डीएनएस-मास्क वापरू नये, त्याचे डीएनएस बाहेरचेच असावे. नाहीतर एच-ए-प्रॉक्सीला मेल सर्व्हरचा पत्ता म्हणून स्वतःचाच पत्ता मिळेल आणि जोडणी स्वतःभोवती फिरत राहील. दुसरे, एच-ए-प्रॉक्सी सर्व्हरचे नाव एरवी सुरू होतानाच एकदा शोधतो, म्हणून त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रिझॉल्व्हर्स’चा भाग घालावा, म्हणजे सेवादात्याने पत्ता बदलला तरी तो आपोआप उचलला जाईल.

घरी नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमध्ये (नावांचे पत्ते संगणकावरच लिहून ठेवण्याच्या फाइलमध्ये) ही नोंद टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. घरी गेल्यावरही लॅपटॉप १९२.१६८.१.१ लाच मेल सर्व्हर समजेल आणि अनेक घरांतल्या राउटरचा पत्ता नेमका तोच असतो.

प्रतिसाद ३

कोणीतरी नवीन आउटलुक वापरण्याचा सल्ला देण्याआधीच लिहितो. नवीन आउटलुकमध्ये इमॅप खाते जोडले की तुमच्या संगणकाऐवजी मायक्रोसॉफ्टचा क्लाउड तुमच्या मेल सर्व्हरला जोडला जातो आणि मेलांची प्रत तिथे ठेवली जाते. ४४३ खेरीज काही लागत नसल्यामुळे ते प्रॉक्सीमागे निमूटपणे चालून जाते, पण ग्राहकांची ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारावर तुमच्याकडे येत असतील, तर ती तिसऱ्या ठिकाणी साठवायची की नाही हा निर्णय संगणक विभागाने परस्पर घेऊ नये. तो मालकांचा निर्णय आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ मधला मार्ग मालकांना समजावून सांगितला आणि त्यांनी लगेच मान्यता दिली. आता थंडरबर्ड आणि आउटलुक दोन्हींत मेल येत आहेत व जात आहेत, सर्टिफिकेटचा इशारा येत नाही, आणि शॉप फ्लोअरवरून हे पोर्ट उघडत नाहीत याचीही खात्री करून घेतली आहे.

तरीही दोन तक्रारी राहिल्या आहेत. प्रोग्राम उघडल्यावर मेल येतात, पण नंतर नवीन मेल आपोआप दिसत नाहीत, बटण दाबावे लागते. आणि खरेदी विभागाचे सामायिक खाते तीन संगणकांवर आहे, त्यांतल्या एकावर अधूनमधून जोडण्या जास्त झाल्याचा संदेश येतो.

प्रतिसाद २

पहिली तक्रार एच-ए-प्रॉक्सीच्या वेळमर्यादेची आहे. इमॅपमध्ये नवीन मेलची वाट पाहताना जोडणी बराच वेळ निःशब्द उघडी राहते आणि मेल प्रोग्रामने ती २९ मिनिटांच्या आत ताजी करावी असा संकेत आहे. तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘टाइमआउट क्लायंट’ आणि ‘टाइमआउट सर्व्हर’ बहुधा मिनिटभराचे असतील, कारण वेबसाठीच्या नमुन्यांत ते तेवढेच असतात. इमॅपच्या भागापुरते दोन्ही एक तास करावेत.

दुसरी तक्रार थंडरबर्डची आहे. तो एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या राखून ठेवतो, आणि तुमचे तिन्ही संगणक सेवादात्याला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. मेल सर्व्हर म्हणून डव्हकॉट बऱ्याच ठिकाणी वापरला जातो आणि त्यात एका खात्याला एका पत्त्यावरून दहा जोडण्यांची मर्यादा मुळातच असते. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये प्रगत पर्यायांत जाऊन हा आकडा प्रत्येक संगणकावर दोन करावा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोन्ही बदल केले आणि दोन्ही तक्रारी थांबल्या. आता एकच गोष्ट उरली आहे. आवक विभागातला जुना स्कॅनर चलने स्कॅन करून मेलने लेखा विभागाला पाठवत असे. त्याला ४६५ पोर्ट भरता येतो, पण त्याचे एन्क्रिप्शन इतके जुने आहे की सेवादाता ते स्वीकारत नाही.

प्रतिसाद १

स्कॅनरसाठी गेटवेवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा सर्व्हर बसवावा. त्याने आतल्या बाजूने २५ पोर्टावर फक्त त्या स्कॅनरच्या पत्त्यावरून मेल घ्यावेत, ‘माय नेटवर्क्स’मध्ये दुसरा कोणताही पत्ता ठेवू नये, आणि आलेले मेल ‘रिले होस्ट’ म्हणून सेवादात्याच्या सर्व्हरकडे खात्याचे नाव व पासवर्ड देऊन, एन्क्रिप्शन सक्तीचे ठेवून पाठवावेत. पोर्ट ४६५ असल्यामुळे सुरुवातीपासून एन्क्रिप्शन वापरण्याचा ‘रॅपर मोड’ चालू करावा लागेल, तो विसरला तर जोडणी नुसती लटकून राहते. स्कॅनरमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून त्याच खात्याचा पत्ता भरावा, कारण खाते एकाचे आणि पाठवणारा दुसरा असे दिसले की अनेक सेवादाते मेल परत करतात.