मदत हवी आहे: एल६६.१ चा क्लेम परत आला, उद्या बॅच द्यायची आहे

सातपुडा_कोडर
स्किनचा चार्ट आहे. डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये लायकेन प्लॅनोपिलॅरिस (व्रण ठेवून केस घालवणारा आजार) लिहिलंय, बायोप्सीतही तेच. विम्याच्या क्लेमवर त्याचा निदान कोड एल६६.१ टाकला, क्लेम परत आला. माझ्या पुस्तकात कोड आहे, इंडेक्सही तिथेच नेतो. एल६५.९ टाकून मोकळं व्हावं का? जळगावात दुपारपासून लाईट ये-जा करतेय, लवकर सांगा.

तापीकाठ
एल६५.९ अजिबात नको. एल६५ म्हणजे व्रण न ठेवणारी केसगळती, एल६६ म्हणजे व्रण ठेवणारी. केसांची मुळं कायमची गेलेल्या पेशंटच्या रेकॉर्डवर तुम्ही 'केस परत येतील' असा आजार चढवताय. पुढचा डॉक्टर तेच वाचेल.
क्लेम कुठला, इथला की अमेरिकेचा? व्हिजिटची तारीख? डिनायलचा (क्लेम नाकारल्याच्या कारणाचा) कोड?

नंदुरबार_एमआरडी
एल६६.१ बरोबरच आहे. आमच्या रेकॉर्ड विभागात लायकेन प्लॅनोपिलॅरिसला हाच टाकतो, कधी अडलं नाही. प्रोसिजर कोड तपासा, चूक तिथे असेल.

केळीपट्टा_रावेर
कांद्याचा रस आठवड्यातून दोनदा लावून बघायला सांगा पेशंटला.

सातपुडा_कोडर
@तापीकाठ अमेरिकेचाच. व्हिजिट फेब्रुवारी २०२५. सीओ १४६.

तापीकाठ
मग उत्तर झालंच. १४६ म्हणजे 'त्या तारखेला हा निदान कोड वैध नव्हता'. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये (तिथल्या निदान कोडच्या यादीत) १ ऑक्टोबर २०२४ पासून एल६६.१ फोडलाय:
एल६६.१० – प्रकार न सांगितलेला
एल६६.११ – क्लासिक
एल६६.१२ – फ्रंटल फायब्रोसिंग अलोपेशिया (एफएफए)
एल६६.१९ – इतर
एल६६.८ चेही एल६६.८१ आणि एल६६.८९ झालेत. तुमचं पुस्तक २०२४ चं आहे. ओपीडीत कोड व्हिजिटच्या तारखेचा धरायचा, बॅच द्यायच्या तारखेचा नाही.
@नंदुरबार_एमआरडी तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरता. तिथे एल६६.१ अजून पूर्ण कोड आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण ताईंना ते लागू नाही.

नंदुरबार_एमआरडी
मान्य. पण देश आधी सांगायला हवा होता.

धुळे_बिलिंग
चार्टमध्ये भुवया किंवा कपाळाच्या केसरेषेबद्दल काही आहे का? असेल तर सरळ एल६६.१२.

सातपुडा_कोडर
आहे. केसरेषा मागे सरकलेली, भुवया विरळ, केसांच्या मुळाशी लाली आणि पापुद्रा. असेसमेंटची ओळ: 'लायकेन प्लॅनोपिलॅरिस, एफएफए असण्याची शक्यता'.

धुळे_बिलिंग
मग टाका ना एल६६.१२. सगळी लक्षणं जुळतात.

तापीकाठ
नाही हो भाऊ. लक्षणं जुळवून निदान करणं कोडरचं काम नाही. ओपीडीत 'शक्यता', 'संशय', 'वगळण्यासाठी' असं लिहिलेलं कोड करायचं नाही. अ‍ॅडमिट पेशंटला डिस्चार्जच्या वेळी असं लिहिलेलं चालतं, तो नियम इथे आणू नका. या ओळीतलं पक्कं निदान एकच, म्हणून आज एल६६.१०.
ताई, बायोप्सीचे शब्द नेमके काय आहेत?

सातपुडा_कोडर
'लायकेन प्लॅनोपिलॅरिसशी सुसंगत'.

तापीकाठ
म्हणूनच विचारलं. 'सुसंगत' हाही अनिश्चित शब्दांच्या यादीतच येतो. नुसता पॅथॉलॉजीचा कागद असता तर त्यावर कोड उभा राहिला नसता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः पक्कं लिहिलंय, तो तुमचा आधार.
एफएफएसाठी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवा. उत्तर सुचवणारी नको. 'हे एफएफए आहे ना?' असं विचारलंत तर ऑडिटमध्ये ती क्वेरीच अंगावर येईल. चार्टमधले निष्कर्ष जसेच्या तसे लिहा आणि पर्याय द्या: क्लासिक, एफएफए, इतर, सांगता येत नाही. उत्तर ज्या दिवशी देतील त्या तारखेच्या अ‍ॅडेंडममध्ये (पुरवणी नोटमध्ये) यायला हवं, जुन्या नोटमध्ये घुसवलेलं नको.

अमळनेर_स्किन
डॉक्टरांनाही सांगा, नोटमध्ये तीन गोष्टी हव्यातच: केसांच्या छिद्रांची तोंडं दिसतात की बुजलीत, ट्रायकोस्कोपीत (भिंगातून केलेल्या डोक्याच्या तपासणीत) काय दिसलं, आणि भाग कुठला व केवढा. 'हेअर लॉस, ट्रीटमेंट चालू' एवढ्यावर एल६५.९ च्या पुढे कोणीच जाऊ शकत नाही. अलोपेशिया अरिएटाच्या (चाई पडण्याच्या) महागड्या गोळ्यांची मंजुरी हवी असेल तर सॉल्ट स्कोअर (डोक्यावरचे किती टक्के केस गेले) आकड्यात लिहायचा, ५० किंवा वर म्हणजे तीव्र. 'बरेच केस गेले' चालत नाही.

केळीपट्टा_रावेर
ते शेगाव तालुक्यात २०२५ च्या सुरुवातीला गावंच्या गावं टकली होत होती, त्याला कुठला कोड?

अमळनेर_स्किन
तो विषय वेगळा, आणि तेही विदर्भात. डॉक्टर कारण लिहीत नाहीत तोवर गळतीचा जो प्रकार लिहिला असेल तोच कोड करायचा. बातमी वाचून विषबाधेचा कोड लावायचा नसतो.

धुळे_बिलिंग
ताई, इंजेक्शनही दिलं होतं का? केसरेषेत दहा-बारा टोचे असतील तर इंजेक्शनचा प्रोसिजर कोड ११९०१ लावा, पैसे जास्त मिळतात.

तापीकाठ
टोचे मोजायचे नाहीत, लेजन (आजाराचे डाग) मोजायचे. ७ पर्यंत ११९००, त्याहून जास्त असतील तरच ११९०१. नोटमध्ये आकडा नसेल तर ११९०१ लावूच नका. औषधाचा (ट्रायअ‍ॅम्सिनोलोन) कोड जे३३०१, दर १० मिलिग्रॅमला एक युनिट: ५ मिग्रॅ/मिलिचं २ मिलि दिलं तर १ युनिट, २ नाही.

सातपुडा_कोडर
इंजेक्शन नव्हतं. एल६६.१० टाकते, क्वेरी आत्ता लिहिते. नवा क्लेम म्हणून पाठवू ना?

तापीकाठ
नको, डुप्लिकेट म्हणून परत येईल. कंपनीने क्लेम घेऊन मग नाकारलाय, तेव्हा दुरुस्त क्लेम: फ्रिक्वेन्सी कोड ७ (म्हणजे आधीच्या क्लेमच्या जागी हा) आणि सोबत मूळ क्लेमचा नंबर. क्लिअरिंगहाऊसमधूनच (कंपनीकडे जाण्याआधी क्लेम तपासणाऱ्या मधल्या संस्थेतून) परत फिरला असता तर नवा चालला असता. आणि फाइलिंगची मुदत आधी बघा, व्हिजिट जुनी आहे.

नंदुरबार_एमआरडी
चार्टचा फोटो इथे टाकू नका ताई, नाव झाकूनसुद्धा.