एफबीआयवाली प्रेमकथा + रहस्य : एकच पुस्तक सुचवा (बजेट ४०० रु.)

मृण्मयी_क : पुढच्या आठवड्यात पुणे-नागपूर रेल्वेप्रवास आहे. नायक किंवा नायिका एफबीआयमध्ये, बऱ्यापैकी तपास आणि सोबत प्रेमप्रकरण, असं इंग्रजी पुस्तक हवंय. छापील, एकाच भागात संपणारं, ४०० रुपयांच्या आत. रक्तपात बेताचा.

खादाड_वाचक : कॅथरीन कूल्टर. डोळे झाकून. 'द कोव्ह' (१९९६) पासून सुरू करा, मग 'द मेझ', मग 'द टार्गेट'. माझ्याकडे अख्खी मालिका आहे, तीही हार्डकव्हर. कपाट पुरत नाही म्हणून घरी बोलणी खातो ते वेगळं.

मृण्मयी_क : मालिका नको म्हटलं होतं हो :)

खादाड_वाचक : तशी मालिका नाहीच. दर वेळी केस वेगळी.

जोशीकाका_डोंबिवली : 'कोव्ह'मधलं ओरेगनच्या किनाऱ्यावरचं गाव झकास आहे, पण सॅविच-शेरलॉक ही एफबीआय एजंटांची जोडी जमते 'मेझ'मध्ये (१९९७). बहिणीच्या खुन्याला शोधायला शेरलॉक ही पोरगी थेट एफबीआयमध्ये भरती होते. सॅविचच्या 'मॅक्स' लॅपटॉपचं तेव्हाचं कौतुक आता वाचून हसू येतं. बाकी आम्ही सुशिंच्या (सुहास शिरवळकरांच्या) दारा बुलंद कादंबऱ्यांवर वाढलो, आम्हाला हे सगळं आळणीच.

अर्ध्या_रात्री : काका, दारा बुलंदसाठी वेगळा धागा काढा, तिथे येते.
मृण्मयी, ज्युली गारवुडचं 'हार्टब्रेकर' (२०००) घे. चर्चमध्ये कबुली द्यायला आलेला माणूस पाद्र्याला सांगतो, पुढचा बळी तुझी बहीण. पाद्र्याचा दोस्त एफबीआयमध्ये. तो तिचा प्रियकर असल्याचं सोंग घेऊन आयोवातल्या त्यांच्या गावात जातो. पुढचं कळलंच असेल. मी ऑनलाइन मागवलं तर शेवटची पानंच गायब! खुनी कोण ते मैत्रिणीला फोन करून विचारलं.

व्हर्जिनियाकर : एफबीआयची प्रशिक्षण अकादमी असलेलं क्वांटिको माझ्या घरापासून फार लांब नाही, म्हणून बोलतो. या कादंबऱ्यांत कुठेही मुडदा पडला की एफबीआय हजर. खून साधारणपणे स्थानिक पोलिसांकडे असतो. बँक लुटली, अपहरण करून राज्याची हद्द ओलांडली, केंद्रीय अधिकाऱ्याला मारलं, तर गोष्ट वेगळी. आणि साक्षीदारांना नवं नाव देऊन लपवणं हे यू.एस. मार्शल्स या वेगळ्या केंद्रीय दलाचं काम. नायक साक्षीदार बाईला स्वतःच्या जंगलातल्या घरी नेतो तिथे मी पुस्तक मिटतो.

अर्ध्या_रात्री : एकामागून एक खून होत असतील तर एफबीआय येऊ शकते. १९९८ चा कायदा आहे तसा.

व्हर्जिनियाकर : पोलिसांनी बोलावलं तर. मदतीला. केस हिसकावायला नाही.

पानपलट : ज्युली जेम्सचं 'समथिंग अबाउट यू' (२०१०) तेवढं घेऊ नका. शिकागोच्या हॉटेलात शेजारच्या खोलीत खून, साक्षीदार सरकारी वकील बाई, आणि तपासाला येतो तिच्यावर जुना राग धरून बसलेला एफबीआयवाला. खून नावापुरता, बाकी टोमणे आणि रुसवेफुगवे. शिवाय काही प्रसंग असे आहेत की शेजारच्या सीटवरून कुणी डोकावलं तर पंचाईत.

व्हर्जिनियाकर : त्यातलं भांडण मात्र पटण्यासारखं आहे. एजंट जीव धोक्यात घालून पुरावा आणतो, खटला भरायचा की नाही ते वकील ठरवतात.

सदासुखी : कूल्टरचं 'द कोव्ह' घ्या. कुणीच कसं सुचवलं नाही?

खादाड_वाचक : 🙄 पहिलाच प्रतिसाद वाचा. मृण्मयीताई, दोनेक हजार काढा आणि जमतील तेवढे भाग एकदम घ्या.

रद्दीप्रेमी : ताईंचं बजेट ४०० आहे हो. या लेखिकांची छोट्या आकाराची पेपरबॅक जुन्या पुस्तकवाल्यांकडे धूळ खात असतात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चक्कर मारा. पैसे देण्याआधी शेवटची पानं बघा, वर एकीचं काय झालं वाचलंत ना.

मृण्मयी_क : सगळ्यांचे आभार. जुनं 'समथिंग अबाउट यू' मिळालं, बजेटमध्ये, पानं शाबूत. टोमणे आणि रुसवेफुगवे म्हटल्यावर राहवेना. वरचा बर्थ आहे, कोण डोकावतंय!

पानपलट : मग विचारलंत कशाला?

जोशीकाका_डोंबिवली : 'मेझ' घ्यायला हवं होतं.

खादाड_वाचक : ताई, तुम्ही घेतलेलं अकोल्याच्या आत संपेल. 'कोव्ह' पण टाका बॅगेत.